जकार्डच्या सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन : प्रकल्प नोंदी, सोलापूर

२ डिसेंबर २०२४

आजपासून डॉक्सचं, म्हणजे डॉक्युमेंटेशनचं, काम माझ्याकडे. कोड लिहिणारे आहेत, बग सांगणारे भरपूर आहेत, डॉक्सकडे बघायला कुणी नाही. शेवटी बैठकीत "तूच बघ" असं ठरलं.

नवीन कुणी या नोंदी वाचेल म्हणून प्रोजेक्ट थोडक्यात सांगतो. चादरीच्या किंवा टॉवेलच्या नक्षीचं चित्र घ्यायचं, प्रत्येक रंगाला विणीचा प्रकार लावायचा आणि त्यातून जकार्डची (मागावर धागे उचलून नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) कार्डं पंच करायला लागणारी किंवा इलेक्ट्रॉनिक जकार्डला द्यायची फाइल काढायची. कोड जीपीएल आवृत्ती ३ या मुक्त परवान्याखाली. वापरणारे बहुतेक अक्कलकोट रोड एमआयडीसीतले आणि पूर्व भागातले कारखानदार, पंचिंगवाले आणि डिझाइन काढून देणारी पोरं.

आज लिहायला बसलो नाही. काय काय आहे आणि कुठे कुठे आहे ते फक्त शोधलं. रीडमी, म्हणजे कोडसोबतची ओळखीची फाइल, आहे. विकी आहे, त्यातली निम्मी पानं अर्ध्यात सोडलेली. रेपोत, म्हणजे कोड ठेवतो त्या कोठारात, डॉक्सचा फोल्डर आहे. कधीतरी प्रशिक्षणासाठी केलेली पीडीएफ आहे, ती आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. कोडमधल्या कॉमेंट आहेत. आणि ग्रुपवरचे व्हॉइस मेसेज आहेत, खरी माहिती बरीचशी त्यातच आहे.

एका शीटमध्ये यादी सुरू केली. रकाने असे: काय आहे, कुणासाठी आहे, कोणत्या आवृत्तीवर तपासलं, आज खरं आहे का, ठेवायचं की जोडायचं की टाकायचं. ही यादी संपेपर्यंत एक ओळ नवीन लिहायची नाही, असं स्वतःला बजावलंय. नवीन लिहायला लागलं की जुनं तपासणं मागे पडतं आणि चुकीचं पान तसंच राहतं.

५ डिसेंबर

यादी चालू. इन्स्टॉल कसं करायचं हे तीन ठिकाणी सापडलं, रीडमीत, विकीत आणि पीडीएफमध्ये, आणि तिन्ही वेगवेगळं सांगतात. वाचून निवाडा होणार नव्हता. ओळखीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात विंडोजचा जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर सॉफ्टवेअर कधीच टाकलेलं नव्हतं. तिथे बसून तिन्ही करून बघितलं. विकीतलं चाललं, तेही पायथॉनची आवृत्ती बदलल्यावर. बाकीच्या दोन्हींवर "टाकायचं" अशी खूण.

पीडीएफचा प्रश्न वेगळाच आहे. ती आपण आपल्याकडून काढू, पण लोकांच्या फोनमधून कशी काढणार? त्यावर आवृत्ती नाही, तारीख नाही. यापुढे छापायच्या किंवा डाउनलोड करायच्या प्रत्येक पानाच्या तळाला आवृत्ती आणि तारीख आपोआप पडली पाहिजे. हे आजच नोंदवून ठेवतो.

९ डिसेंबर

साखर पेठेत पंचिंगवाल्या अण्णांच्या दुकानात गेलो होतो. व्हॉइस मेसेजांत सारखे "अण्णांच्या वहीत बघा" असे उल्लेख येत होते. म्हटलं, ती वही एकदा बघावीच.

वही म्हणजे जाड पुठ्ठ्याची, लांबट, हिशेबाला वापरतात तसली. डाव्या पानावर कापडाची पट्टी स्टेपल केलेली. पट्टीवर जिथे चूक दिसते तिथे बॉलपेनने गोल. उजव्या पानावर तेलुगू आणि मराठी मिसळून दोन-तीन ओळी: कुठल्या मागावरचं, हुक (जकार्डवर धागे उचलणारे) किती, काय बदललं. एवढंच. काही पट्ट्यांची टोकं उसवून धागे बाहेर आलेले, कारण ती पानं सारखी उघडली जातात.

मी चाळत होतो. एका पानावर दोन-अडीच इंचांची पट्टी, निळ्या जमिनीवर पांढरं फूल. फुलाचा मधला गोल उभा ताणलेला, अंड्यासारखा. शेजारी लिहिलेलं: "रीड ६०, पिक ४०. चित्र चौकोनी काढलं. आडवं ६० तर उभं ४० घ्या."

हे नीट समजून घेतलं. एका इंचात ताण्याचे म्हणजे उभे ६० धागे (रीड) आणि बाण्याचे म्हणजे आडवे ४० (पिक) असतील, तर चित्रातला ६० बाय ६० घरांचा गोल कापडावर एक इंच रुंद आणि दीड इंच उंच येणार. एक इंचाचा खरा गोल हवा असेल तर ६० उभ्या घरांना ४० आडव्या ओळी घ्यायला हव्यात. आमच्या डॉक्समध्ये हे आहे का? आहे. "प्रकल्प सेटिंग्ज" या पानावर, खालून तिसऱ्या परिच्छेदात, "घनतेचे गुणोत्तर" या नावाखाली. ज्याचा गोल अंडं होऊन आलाय तो माणूस त्या नावाने कशाला शोधेल?

अण्णांना विचारलं, वहीत पानं कुठल्या हिशेबाने लावलीत. ते म्हणाले, "हिशेब कसला? गिऱ्हाईक काय घेऊन येतं? कापड घेऊन येतं. कापडावर जे दिसतं तेच पान उघडायचं." मग माझ्याकडे बघून, "तू काय करालास ते मला कळालं नाही, पण वही नेऊ नको. फोटो काढ."

फोटो काढले.

घरी येताना पक्कं झालं. आपली डॉक्स मेनूच्या क्रमाने लावली आहेत: फाइल, संपादन, वीण, निर्यात. कोड लिहिणाऱ्याला प्रोग्राम तसाच दिसतो, म्हणून. मागापाशी उभ्या माणसाला मेनू दिसत नसतो. त्याच्या हातात बिघडलेलं कापड असतं. मुख्य दार तिथे हवं.

१३ डिसेंबर

डॅनिएले प्रोसिडा यांच्या दियाताक्सिस या डॉक्सच्या मांडणीवर आज बैठक. चार कप्पे: शिकवणारे धडे, काम उरकून देणाऱ्या कृती, संदर्भ आणि समजावून सांगणारी पानं. वाचणारा शिकतोय की कामात आहे आणि त्याला करायचंय की समजून घ्यायचंय, या दोन प्रश्नांवर चारही कप्पे पडतात. मला हे पटलेलं आहे. आमची बरीच पानं बिघडली ती एकाच पानात चारही गोष्टी कोंबल्यामुळे. "निर्यात" या पानावर जकार्डचा इतिहास, त्याखाली पर्यायांचा तक्ता, मग "आता आपण पहिली फाइल बनवूया", आणि शेवटी एरर मेसेज.

वाद झाला तो अण्णांच्या वहीवरून. एकाचं म्हणणं, ती सरळ कृतींच्या कप्प्यात जाईल, वेगळं काय करायचं? पण "अमुक कसं करावं" ही कृती आणि "अमुक दिसतंय, का दिसतंय?" हे निदान, यांत फरक आहे. कृती शोधणाऱ्याला आपल्याला काय करायचंय हे ठाऊक असतं. निदान शोधणाऱ्याला तेच ठाऊक नसतं. शेवटी ठरलं असं: कप्पे चारच, पण पहिल्या पानावर सगळ्यात वर "कापडावर काय दिसतंय?" ही यादी, आणि तिथून प्रत्येक ओळ आपापल्या कृतीच्या पानाला जोडलेली. चार कप्पे तिच्या खाली.

यादीतल्या पहिल्या ओळी लगेच लिहून टाकल्या.

नक्षी आरशात दिसावी तशी उलटी आली: हुकांचा क्रम डावीकडून की उजवीकडून, ते तपासा. नक्षीची जमीन आणि फूल अदलाबदल झाले: कापड तोंड खाली करून विणलं जातंय का, ते तपासा. कापडभर एकच उभी रेघ: सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका, हुक किंवा दोरी बघा. नक्षीच्या प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी एकच आडवी ओळ चुकते: कार्डांच्या माळेत एक कार्ड फाटलंय किंवा जागा चुकलंय. नक्षी तिरकी सरकत जाते: फाइलमधली हुकसंख्या आणि मशीनची हुकसंख्या जुळत नाही.

तिसरी ओळ मला सगळ्यात आवडते. "हे आमच्याकडे नाही, तिकडे बघा" हे सांगणं डॉक्सचंच काम आहे. उभ्या रेघेसाठी लोक सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करत होते.

१६ डिसेंबर

डॉक्सची पानं बनवायचं साधन ठरलं: स्फिंक्स, आणि लिहायला मिस्ट, म्हणजे मार्कडाउनमध्येच (साध्या मजकुरात खुणा घालून) लिहिता येईल. स्फिंक्स मुळात पायथॉनच्या स्वतःच्या डॉक्ससाठी गेओर्ग ब्रांडल यांनी केलं, २००८ मध्ये बाहेर आलं. लिनक्स कर्नलनेही २०१६ मध्ये डॉकबुक ही आधीची पद्धत सोडून तिकडे जायला सुरुवात केली. अर्थात मोठ्यांनी घेतलं म्हणून आपण घ्यायचं, असं काही नाही. आमच्यासाठी कारण एकच आणि ते पुरेसं आहे: भाषांतराची सोय गेटटेक्स्ट या साधनाने आतच आहे. पूर्व भागात डॉक्स तेलुगूत हवीत, ही मागणी पहिल्यापासूनची. एमकेडॉक्स हे दुसरं साधन दिसायला देखणं आणि लावायला सोपं, त्याच्या बाजूने बोलणारेही होते. भाषांतराच्या मुद्द्यावर तेही गप्प बसले.

२० डिसेंबर

अँकरचा, म्हणजे पानातल्या ठरावीक जागेवर नेणाऱ्या खुणांचा, गोंधळ. शीर्षकं मराठीत दिली आणि पानावरच्या उपशीर्षकांचे दुवे "आयडी १", "आयडी २" असे यायला लागले. स्फिंक्सच्या आतलं डॉक्युटिल्स शीर्षकातून ओळख बनवताना फक्त आस्की (रोमन) अक्षरं ठेवतं. देवनागरी सगळी गळते, काहीच उरत नाही, मग ते नुसते आकडे टाकतं. वरती एखादं उपशीर्षक वाढवलं की पुढचे आकडे सरकतात आणि ग्रुपवर कुणी टाकलेला दुवा भलत्याच ठिकाणी उघडतो.

एमकेडॉक्सवर असतो तरी यातून सुटलो नसतो. त्याच्या मार्कडाउनमध्येही मूळ नियम आस्कीचाच. युनिकोडचा (सगळ्या लिप्यांचा) पर्याय लावला तर आणखी मजा: पायथॉनच्या नेहमीच्या नियमात काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हं "शब्दातलं अक्षर" धरलीच जात नाहीत. "स्थापना" चं होतं "सथपन". "मांडणी" चं "मडण".

आणि समजा, पूर्ण देवनागरी दुवा जमवला. तो व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवताना बहुतेक वेळा टक्केवारीच्या चिन्हांत बदलतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, प्रत्येक बाइटला तीन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला नऊ. "माग" हा एवढासा शब्द सत्तावीस अक्षरांचा होतो. फोनवर कुणाला वाचून दाखवायचा तर सोडूनच द्या.

नियम केला: फाइलचं नाव आणि प्रत्येक उपशीर्षकाची खूण आपण हाताने, रोमन लिपीत, छोटी द्यायची. शीर्षक मराठीतच. खूण एकदा दिली की शीर्षक कितीही बदललं तरी ती बदलायची नाही.

२४ डिसेंबर

आता शोध. खरं काम इथे निघालं.

शोधपेटीत "कार्ड" टाकलं. जवळजवळ सगळी पानं आली. "फणी" टाकलं, तरी तोच प्रकार. कारण वरचंच: स्फिंक्स शब्द वेगळे करताना काना-मात्रांपाशी तोडतो. "कार्ड" चे क, र, ड असे तीन तुकडे. ही तीन अक्षरं सुटी नसलेलं मराठी पान शोधूनही सापडणार नाही. स्फिंक्सच्या शोधात ज्या भाषांची सोय आहे त्यांत मराठी नाही.

पण जपानी आणि चिनीसाठी तिथे शब्द तोडायचा वेगळा वर्ग लिहिलेला आहे, कारण त्या भाषांत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. त्याच वाटेने जाता येतं. आपला वर्ग लिहायचा, त्यात तोडायचा नियम आपला द्यायचा, आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागालाही तोच नियम द्यायचा. दोन्हीकडचे नियम वेगळे झाले तर अनुक्रमणिका एक सांगते आणि शोध दुसरंच शोधतो.

२७ डिसेंबर

तोडणं जमलं. देवनागरीचा पूर्ण पट्टा शब्दात धरला, दंड तेवढे वगळले. आता "कार्ड" शोधलं की कार्डच येतं.

पुढची अडचण मराठीचीच. पानावर असतं "ताण्याचे", "मागावर", "दोऱ्याला". शोधणारा टाकतो "ताणा", "माग", "दोरा". सामान्यरूपाने शब्दाचं शेपूट बदलतं, तेव्हा नुसती सुरुवात जुळवूनही भागत नाही. मोठा स्टेमर, म्हणजे शब्दाचं मूळ काढणारा भाग, लिहायचा विचार सोडला, तेवढा वेळ नाही. ठोकळ नियम केला: विभक्तीचा किंवा जोडून आलेला प्रत्यय काढा, शेवटची मात्रा काढा, मागे जोडाक्षरातला य उरला तर तोही काढा. "ताण्याचे" आणि "ताणा" दोन्ही "ताण" वर येतात. "फण्या" आणि "फणी", दोन्ही "फण". दोनपेक्षा कमी व्यंजनं उरत असतील तर काही काढायचं नाही, नाहीतर "सूत" मधला त प्रत्यय समजून जातो.

"दोऱ्याला" अडला. हा जोडाक्षरातला र दोन प्रकारे टाइप होतो: काहींच्या कळफलकावर नुक्त्याचा ऱ येतो, काहींच्या साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आतून वेगळे. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण या दोघांना एक करत नाही. आम्हीच आधी जोडचिन्ह काढतो आणि ऱ चा र करतो, अनुक्रमणिकेतही आणि शोधातही. तेव्हा कुठे "दोऱ्याला" आणि "दोरा" एकत्र आले.

एक बारीक गोष्ट: या नियमाने "ताणा" आणि "ताण" एकच होतात. मागावर ताण्याचाच ताण बिघडतो, त्यामुळे तक्रार नाही. राहू दे.

रोमनमध्ये टाइप करणारेही खूप. त्यांच्यासाठी निदानाच्या प्रत्येक पानाच्या मेटा कीवर्डमध्ये (पानावर न दिसणाऱ्या शोधशब्दांत) लोक खरोखर जसं लिहितात तसे शब्द घालायचे, स्पेलिंगची पर्वा न करता. ग्रुपवरचे जुने प्रश्न त्यासाठी उपयोगी पडले.

३ जानेवारी २०२५

तेलुगूचं काम दत्त नगरच्या एका वहिनींनी घेतलं. शिकवतात, दोन्ही भाषा घरच्या. पीओ फाइल म्हणजे काय ते दाखवलं: वर मराठी परिच्छेद, खाली तेलुगू रिकामी जागा. त्या म्हणाल्या, "एवढंच ना?"

एवढंच नाही. मराठी परिच्छेदात आपण एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी पुढच्या वेळी तो परिच्छेद "फझी" (पुन्हा तपासायचा) होतो, आणि फझी भाषांतर स्फिंक्स मुळात वापरत नाही. तेलुगू पानाच्या मध्येच मराठी परिच्छेद उगवतो. म्हणून दोन गोष्टी ठरल्या. परिच्छेद छोटे ठेवायचे, म्हणजे बदलला तरी थोडंच फझी होईल. आणि नुसत्या भाषेच्या सफाईसाठी मराठी मजकुराला वर्षातून ठरलेल्या वेळीच हात लावायचा. दुसरा नियम माझ्यासाठीच आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून हसले.

भाषांतर आधी कशाचं? निदानाच्या पानांचं. संदर्भाच्या तक्त्यांची घाई नाही.

१४ जानेवारी

गड्डा यात्रा, म्हणजे सोलापुरातली सिद्धेश्वरांची जत्रा. या आठवड्यात कुणी भेटणार नाही आणि भेटूही नये. काम बंद.

२० जानेवारी

नमुन्यांच्या चित्रांचा विषय. जुन्या धड्यांत वापरलेली डिझाइनं कुणाच्या तरी चालत्या चादरींची आहेत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नावाचं आणि गावाचं. एखादी नक्षी कुणाची, हा वेगळा प्रश्न. डिझाइनची नोंदणी झालेली असो किंवा नसो, न विचारता दुसऱ्याची नक्षी उघड्या रेपोत ठेवायची नाही. कारखानदाराने उद्या विचारलं तर आपल्याकडे उत्तर नाही. सगळी काढली. बदली चार नमुने नव्याने काढून घेतले, मुद्दाम साधे: चौकट, गोल, अक्षर आणि एक कोयरी. गोल आणि अक्षर ही निदानासाठी उत्तम आहेत. गोल अंडं झाला की प्रमाण चुकलं, अक्षर उलटं वाचलं गेलं की हुकांचा क्रम चुकला.

डॉक्सचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० (श्रेय द्या, त्याच अटींवर पुढे द्या). जीएफडीएल या डॉक्ससाठीच्या दुसऱ्या परवान्याचा विचार झाला, पण विकिपीडियानेसुद्धा २००९ मध्ये त्याऐवजी मुख्य परवाना बाय-एसए केला, तेव्हा आपण नव्याने त्यात जाण्यात अर्थ नाही. शिवाय २०१५ पासून बाय-एसए ४.० मधला मजकूर जीपीएल ३ च्या कामात घेता येतो. म्हणजे डॉक्समधलं वाक्य प्रोग्रामच्या आतल्या मदतीत टाकता येईल. उलट्या दिशेने तसं चालत नाही. कोडमधली कॉमेंट उचलून डॉक्समध्ये टाकायची तर लिहिणाऱ्याला विचारायचं.

२७ जानेवारी

विकी बंद करण्यावरून बरीच चकमक. विरोधातला मुद्दा असा की विकीवर कुणीही चटकन लिहू शकतो. रेपोत लिहायचं तर पुल रिक्वेस्ट (बदल सुचवून मंजुरी मागणं) करावी लागते, ती कारखानदाराला जमणार नाही. मुद्दा खरा आहे. पण विकीवर कारखानदाराने लिहिलेलं एक पान दाखवा म्हटलं, तर सापडलं नाही. जे लिहिलंय ते आपणच. आणि विकीला आवृत्ती नाही, तेच मुख्य दुखणं: जुनी आवृत्ती चालवणारा नव्या आवृत्तीचं वाचतो आणि बटण सापडत नाही म्हणून फोन करतो.

तोडगा: विकी फक्त वाचण्यापुरती, प्रत्येक पानाच्या माथ्यावर नव्या पानाचा दुवा. कारखानदारांनी आणि जॉबर (माग लावणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या) लोकांनी ग्रुपवर कापडाचा फोटो आणि व्हॉइस मेसेज टाकायचा, आपल्यातला एकजण त्याचं पान करणार. ज्याने फोटो दिला त्याचं नाव, त्याची हरकत नसेल तर, पानाखाली.

यादीतल्या "टाकायचं" रकान्यातलं सगळं आज काढलं. हात थरथरायला हवा होता, नाही थरथरला. गिटमध्ये (जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात) सगळं आहेच.

३ फेब्रुवारी

तपासण्या लावल्या. स्फिंक्सची प्रत्येक सूचना आता चूक धरली जाते; तुटलेला आतला संदर्भ असेल तर पान बनतच नाही. बाहेरचे दुवे आठवड्यातून एकदा तपासले जातात, प्रत्येक पुल रिक्वेस्टला नाही. दुसऱ्याचं संकेतस्थळ बंद पडलं म्हणून आपल्या पोराचं काम का अडवायचं? डॉक्समधल्या कमांड खरोखर चालवून बघणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे, नमुन्याच्या चार फाइलींवर.

पुल रिक्वेस्टच्या साच्यात एक ओळ वाढवली: "या बदलाने कापडावर काय वेगळं दिसेल? त्याचं पान कुठलं?" कोडवाल्यांची कुरकुर झाली. पण एकाने ओळ भरताना लिहिलं, "काही नाही", आणि मग स्वतःच खोडून हुकांच्या क्रमाचं पान जोडलं.

१० फेब्रुवारी

पहिला धडा खऱ्या माणसावर. डिप्लोमाची एक मुलगी, मागाच्या घरातली, पण सॉफ्टवेअर कधी उघडलेलं नाही. कारखान्यातच बसवलं, कारण वापर तिथेच होणार. मी शेजारी, पण बोलायचं नाही असं ठरलेलं. मागांच्या आवाजात बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं.

तिने धडा फोनवर उघडला आणि प्रोग्राम कॉम्प्युटरवर. आम्ही हे कधी धरलंच नव्हतं. आमच्या डोक्यात दोन्ही एकाच पडद्यावर. फोनवर रुंद तक्ता उजवीकडे पळतो, "किंमत" हा रकाना दिसतच नाही. ती दोनदा बोटाने सरकवून कंटाळली आणि अंदाजाने आकडा टाकला. धड्यातले सगळे तक्ते आजच मोडून ओळींत आणले. संदर्भाचे राहू देत.

दुसरं: धड्यात "आता फ्लोट तपासा" असं एक पाऊल होतं. कोयरीच्या पोटात धागा फार लांब मोकळा सुटतो, तिथे प्रोग्राम लाल ठिपके दाखवतो. ती थांबली, लाल बघून काहीतरी बिघडलं असं तिला वाटलं. प्रोग्रामने ते दाखवणं हेच अपेक्षित आहे, हे धड्यात कुठेच नव्हतं. आता त्या पावलाआधी एक ओळ आहे: "आता लाल ठिपके दिसतील, दिसलेच पाहिजेत."

जाताना जॉबर मामांनी निदानाची यादी मागितली, कागदावर. ए-४ ची प्रत काढून दिली, त्यांनी ती लॅमिनेट करून जकार्डच्या शिडीजवळ लावायला सांगितली. तेल लागणार, हात लागणार, लॅमिनेट हवंच. प्रत्येक ओळीपुढे क्यूआर कोड, तो "स्टेबल" आवृत्तीच्या पानाला. २० डिसेंबरचा खुणा न बदलण्याचा नियम आता मोडता येणारच नाही, भिंतीवर छापून गेलाय.

२० फेब्रुवारी

आवृत्ती बाहेर. निदानाची पानं मराठी आणि तेलुगू दोन्हींत, धडे आणि कृती मराठीत पूर्ण, तेलुगूत चालू. समजावून सांगणाऱ्या पानांपैकी "कापड तोंड खाली करून का विणतात" हेच झालंय: नक्षीत उचलायचे धागे जास्त असतील तर उलटं विणून मागावरचा भार कमी होतो, म्हणून. बाकीची पानं नुसती शीर्षकं आहेत, ती यादीतून लपवली आहेत. रिकामं पान दाखवण्यापेक्षा पान नसलेलं बरं. अक्कलकोटकडून कन्नडची विचारणा आली आहे, पण करणारं माणूस मिळेपर्यंत हो म्हणायचं नाही.

संध्याकाळी पहिला इश्यू (तक्रारीची नोंद) आला, टॉवेलवाल्यांकडून. गोलाच्या पानावरचं सूत्र चादरीला बरोबर, टॉवेलला चुकतं. त्यांचं बरोबर आहे. टेरीत (टॉवेलच्या लूपवाल्या विणीत) साधारण तीन पिकांमागे लूपची एक ओळ बसते आणि ताण्यातले सगळे धागे लूपचे नसतात, काही जमिनीचे असतात. म्हणजे उभ्या घरांसाठी फक्त लूपचे धागे मोजायचे आणि आडव्या ओळींसाठी पिकांना तिनाने भागायचं. पानाला दुसरा भाग जोडावा लागेल, आणि कापडाच्या पट्टीचा फोटो चादरीचाच आहे, तोही टॉवेलचा हवा. इश्यू माझ्या नावावर घेतला. सोमवारी चिंचोलीला जाऊन नमुना विणून घ्यायचा, साठ आणि चाळीस हे आकडे तिथे काय निघतात ते जॉबरकडून मोजून.